दोन प्रोग्रामांच्या मधली फाइल

प्रोग्रामिंग शिकणारा कुणीही पहिल्या वर्षात एक प्रश्न हमखास विचारतो: कोणत्या लँग्वेजमध्ये लिहिलं म्हणजे माझं सॉफ्टवेअर विंडोजवर, लिनक्सवर, मोबाइलवर, सगळीकडे चालेल? १९९५ साली जावा आली तेव्हा तिचं मोठं आकर्षण हेच होतं. पुढे फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएलचं मानक प्रसिद्ध झालं आणि त्या वेळच्या जाणत्या मंडळींनी दोघांची जोडी लावली: जावामुळे प्रोग्राम कुठेही नेता येईल आणि एक्सएमएलमुळे त्याचा डेटा. या जोडीतला पहिला भाग आज बऱ्यापैकी सुटला आहे. पायथन, जावास्क्रिप्ट, जावा, गो, काहीही निवडा, थोड्या खटपटीने ते सगळीकडे चालतं. गाडी अडते ती दुसऱ्या भागापाशी. म्हणून माझा सल्ला असा की लँग्वेज हाताशी असेल ती घ्या आणि शिकण्याची मेहनत दोन प्रोग्रामांच्या मधून जाणाऱ्या फाइलवर करा.

उदाहरणाला गावातलं दूध संकलन केंद्र घेऊ. सकाळी दूध येतं, काट्यावर माप होतं, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दाखवतं, संस्थेच्या कॉम्प्युटरवर नोंद होते, सभासदाला पावती मिळते. तीच नोंद पुढे शीतकरण केंद्राकडे आणि तिथून दूध संघाच्या कार्यालयात जाते. दर दहा दिवसांनी त्यावरून बिल निघतं. वाटेतले सगळे प्रोग्राम एकाच माणसाने लिहिलेले नसतात. कुठे जुनं विंडोज असतं, कुठे लिनक्सचा सर्व्हर, कुठे अँड्रॉइडचं ॲप. त्यांना एकमेकांच्या पोटातलं काही कळत नाही आणि कळायची गरजही नाही. त्यांच्यात सामायिक असते ती फक्त नोंदींची फाइल. ती नीट ठरवलेली असेल तर संस्थेने उद्या नवं सॉफ्टवेअर घेतलं तरी मागच्या वर्षांचा हिशेब वाचता येतो. नसेल तर जुना कॉम्प्युटर बंद पडला की हिशेबही त्याच्याबरोबर जातो.

कोड लिहायला बसण्याआधी एक नोंद कागदावर लिहून काढा. जेसन (JSON) या डेटा लिहिण्याच्या रीतीत ती साधारण अशी दिसेल:

{
"आवृत्ती": 1,
"संस्था_क्रमांक": "0147",
"तारीख": "2025-06-14",
"वेळ": "सकाळ",
"सभासद_क्रमांक": "0038",
"प्रकार": "म्हैस",
"दूध_मिलिलिटर": 6400,
"फॅट": "6.8",
"एसएनएफ": "9.1",
"दर_पैसे_प्रतिलिटर": 5600,
"रक्कम_पैसे": 35840
}

जेसनचं व्याकरण जवळजवळ एवढंच आहे. महिरपी कंसात नाव आणि त्याची किंमत, यादी असेल तर चौकटी कंस, मजकूर दुहेरी अवतरणात, आकडा अवतरणाशिवाय. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जावास्क्रिप्टमधून ही रीत वेगळी काढून रूढ केली. सध्याचं इंटरनेट मानक, आरएफसी ८२५९, डिसेंबर २०१७ चं आहे आणि ते एका बैठकीत वाचून होण्याइतकं छोटं आहे. जरूर वाचा. व्याकरण तासाभरात येईल. वर्षं लागतात ती वरच्या अकरा ओळींतला प्रत्येक निर्णय तसाच का, हे कळायला. आता तिकडे वळू.

सभासद क्रमांक अवतरणात आहे, म्हणजे तो मजकूर आहे. आकडा म्हणून ठेवला असता तर पुढच्या दोन शून्यांना जागाच उरली नसती. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली) नुसती डबल क्लिक करून उघडली की हेच होतं: पुण्याचा एसटीडी कोड ०२० असतो तो २० होतो, दिल्लीचा जीएसटीतला राज्य कोड ०७ चा ७ होतो. बारा अंकी आधार क्रमांक घातांकाच्या रूपात दिसायला लागतो. बँकेचा खाते क्रमांक सोळा अंकी असेल तर नुकसान आणखी खोल असतं, कारण एक्सेल आकड्याचे पंधराच अंक सांभाळतं आणि सोळाव्याच्या जागी शून्य ठेवतं. फाइल पुन्हा सेव्ह केली की मूळ अंक गेला. मानवी जनुकांची अधिकृत नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये याच कारणाने काही नावं बदलली, कारण 'मार्च १' आणि 'सेप्ट १' अशी त्यांची लघुनामं एक्सेल तारखा समजत होतं. ज्या दोन किमतींची बेरीज करण्याला काही अर्थ नाही, त्या मजकूर म्हणून ठेवाव्यात. दोन फोन नंबरांची बेरीज कुणी करत नाही.

मोठ्या आकड्यांचा प्रश्न नुसत्या एक्सेलचा नाही. जेसनमध्ये आकडा किती मोठा असावा यावर बंधन नाही, पण तो वाचणारे पुष्कळ प्रोग्राम ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ च्या पुढचे पूर्णांक नेमके धरू शकत नाहीत. जावास्क्रिप्टचं तर हेच आहे. ट्विटरने २०१० च्या सुमारास आपले संदेश क्रमांक आकड्यासोबत मजकूर म्हणूनही द्यायला सुरुवात केली ती याचमुळे. तुमच्याकडे एवढे मोठे क्रमांक आज नसतील, पण बँकेकडून किंवा सरकारी पोर्टलकडून येणाऱ्या फाइलीत असू शकतात.

रक्कम पैशांत का? संगणकाच्या नेहमीच्या दशांश गणितात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. शेवटी कुठेतरी चाराचा एक बारीक अवशेष राहतो. एका पावतीत तो दिसणार नाही. पण संस्थेचा प्रोग्राम एका ठिकाणी पूर्णांक करणार, संघाचा दुसऱ्या ठिकाणी, आणि दहा दिवसांच्या बेरजेत दोघांत काही पैशांचा फरक पडणार. मग सचिव दोन्ही कागद समोर ठेवून रात्रभर ताळा करत बसतात. पैसे पूर्णांकात पाठवले की या वादाला जागा राहत नाही. दूध मिलिलिटरमध्ये घेतलं तेही म्हणूनच. फॅट मात्र मजकूर ठेवलं आहे. दरपत्रकात ६.८ ची ओळ शोधायची तर मशीनने दाखवलं तेच अक्षरशः सापडायला हवं. त्यासोबत नियमही लिहून ठेवायचा की दशांशानंतर एकच अंक येईल. नाहीतर कुणीतरी ६.८० पाठवेल आणि तो सापडणार नाही.

एकक नावातच लिहिलं आहे, आणि नाव लांबलं तरी मी ते काढणार नाही. दूध काही ठिकाणी लिटरने मोजतात, काही ठिकाणी वजन करतात. एक लिटर दुधाचं वजन साधारण १.०३ किलो भरतं. फाइलीत नुसतं 'दूध' लिहिलं आणि एकाने किलो भरले, दुसऱ्याने लिटर वाचले, तर हजाराला तीसेक लिटरचा फरक पडतो. हा फरक डोळ्यांना खटकत नाही, म्हणून तो जास्त घातक. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नष्ट झालं ते अशाच कारणाने. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर धक्क्याचा आकडा पाउंड-सेकंदांत देत होतं, आणि तो वाचणारं सॉफ्टवेअर न्यूटन-सेकंद धरून चाललं होतं. दोन्हींत जवळजवळ साडेचार पटींचा फरक. फाइल व्यवस्थित पोचत होती, वाचलीही जात होती.

तारखेचा साचा वर्ष-महिना-दिवस असा आहे. १९८८ सालच्या आयएसओ ८६०१ मानकाने तो दिला. आपण ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल समजतो, अमेरिकेत लिहिलेला प्रोग्राम चार मार्च समजतो, आणि दोन्ही वाचन वैध असल्याने चूक कुणी पकडत नाही. शिवाय या साच्यातल्या तारखा अक्षरानुक्रमे लावल्या की कालानुक्रमे लागतात. घड्याळाची वेळ पाठवायची असेल तर शेवटी +०५:३० हा आपला फरक जोडा. सर्व्हर मुंबईत आहे की सिंगापूरला, याची चिंता उरणार नाही.

आता एक गोष्ट, जी पुस्तकांत क्वचित सापडते आणि मराठीत काम करणाऱ्याला रोज भेटते. वरच्या नमुन्यातले अंक मी मुद्दाम इंग्रजी वळणाचे ठेवले आहेत. जेसनच्या व्याकरणात आकडा म्हटला की हेच दहा अंक; अवतरणाबाहेर १, २, ३ लिहिलं तर फाइलच अवैध ठरते. अवतरणात लिहिलं तर फाइल वैध राहते, पण वाचणारे वेगवेगळं वागतात. पायथन '३८' या मजकुराचा आकडा बिनतक्रार ३८ असा करून देतं, जावास्क्रिप्ट 'हा आकडाच नाही' असं उत्तर देतं. संस्थेतल्या कर्मचाऱ्याने मराठी कीबोर्डवरून सभासद क्रमांक टाकला की एका प्रोग्राममध्ये काम होतं आणि दुसऱ्यात अडतं. देवनागरी अंक स्क्रीनवर आणि पावतीवर जरूर दाखवा, सभासदाला ते वाचायला सोपे जातात. फाइलीत जाताना मात्र एकाच वळणाचे करून पाठवा.

अक्षरांचंही असंच. 'ॲप' मधला ॲ दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे युनिकोडमध्ये २००८ साली आलेलं स्वतंत्र अक्षर, दुसरा अ वर अर्धचंद्र देऊन. कागदावर दोन्ही सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत आणि एक शोधला तर दुसरा सापडत नाही. 'दऱ्या' मधला ऱ एका संकेताने लिहिता येतो किंवा र ला नुक्ता जोडून दोन संकेतांनी. या जोडीला युनिकोडचा प्रमाणीकरणाचा नियम एक करतो, पण ॲ च्या जोडीला करत नाही. ते काम तुम्हालाच कोडमध्ये करावं लागतं. म्हणून सभासदांची नावं आत घेतानाच एकदा प्रमाणित करून घ्या. आणि हेच कारण की प्रत्यक्ष कामात फाइलीतली रकान्यांची नावं रोमन लिपीत ठेवावीत असं मी सुचवेन. जेसनला मराठी नावं चालतात, वर मी समजायला सोपं म्हणून तशीच दिली आहेत. पण नावातलं एखादं अक्षर कुणी वेगळ्या प्रकारे टाइप केलं तर रकाना सापडणार नाही. किमती खुशाल मराठीत असू द्या.

फाइल नेहमी यूटीएफ-८ मध्ये. जेसनसाठी मानकानेच तसं सांगितलं आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यात तीन बाइट घेतं, म्हणून जुन्या डेटाबेसमध्ये नावाला तीस बाइटची जागा असेल तर मराठी नावाची दहाच चिन्हं बसतात, आणि काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं असतात. 'ज्ञानेश्वर' एवढंच लिहिलं तरी ती दहा भरतात, आडनावाला जागाच राहत नाही. श्री-लिपी, कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमधला जुना मजकूर हाती आला तर आधी त्याचं युनिकोड रूपांतर करा. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीच्या जागी परकी चिन्हं दिसली तर डेटा बिघडला असं लगेच समजू नका. बरेचदा फाइलीच्या सुरुवातीला बीओएम नावाची खूण नसते एवढंच. एक्सेलसाठीच्या सीएसव्हीत ती घाला, पण जेसनमध्ये घालू नका, मानक मनाई करतं. आणि पायथनमधून लिहिलेल्या जेसनमध्ये मराठी अक्षरांऐवजी उलट्या तिरक्या रेघांचे संकेत दिसले तर तेही बरोबरच आहे. कोणताही वाचक प्रोग्राम त्यांची पुन्हा अक्षरं करतो. माणसाला वाचता यावं असं वाटत असेल तर 'एन्शुअर आस्की' हा पर्याय बंद करा.

फॅट मशीन बंद असलं तर काय पाठवायचं? इथे पुष्कळजण शून्य लिहितात. शून्य फॅट म्हणजे दूध नाकारलं किंवा दर पडला. मोजलंच नाही याचा अर्थ वेगळा. जेसनमध्ये त्यासाठी 'नल' आहे. रकाना नाही, रकाना आहे पण नल आहे, रकान्यात रिकामा मजकूर आहे, शून्य आहे, अशा चार अवस्था असू शकतात आणि तुमच्या फाइलीत कुठल्या अवस्थेचा काय अर्थ हे आधी ठरवून लिहावं लागतं. सभासदाच्या दहा दिवसांच्या पैशाशी याचा थेट संबंध आहे.

गावात वीज जाते, तेही धरून चाला. दिवसभराच्या नोंदी एकाच मोठ्या चौकटी कंसात लिहीत गेलात आणि मध्येच मशीन बंद झालं तर शेवटचा कंस लिहिला जात नाही, आणि सगळी फाइल अवैध होते. त्याऐवजी एका ओळीवर एक पूर्ण नोंद अशी रीत घ्या. मग फार तर शेवटची ओळ अर्धी राहील, बाकी सगळ्या वाचता येतील. फाइल बदलायची असेल तेव्हा नवी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहून मग तिला खरं नाव द्या.

इतकं झाल्यावर अभ्यासाचा भाग. नोंदी लिहिणारा छोटा प्रोग्राम पायथनमध्ये करा. त्या वाचून, सभासदवार बेरीज दाखवून, त्याच नोंदी पुन्हा त्याच साच्यात लिहिणारा दुसरा जावास्क्रिप्टमध्ये करा. त्याने लिहिलेल्या नोंदी परत पायथनमध्ये आणा आणि मूळ नोंदींशी ताडून पाहा. ताडताना किमती ताडा. रकान्यांचा क्रम आणि मधल्या मोकळ्या जागा बदललेल्या असतील, त्यांना जेसनमध्ये अर्थ नाही. नंतर त्याहून कठीण परीक्षा: साच्याचं एक पानभर वर्णन लिहा, कोड न दाखवता ते एखाद्या मित्राला द्या आणि त्याच्याकडून वाचक लिहून घ्या. तो जिथे जिथे तुम्हाला फोन करेल तिथे तुमच्या पानात काहीतरी लिहायचं राहिलं आहे. ते पानात घाला, फोनवर सांगून सोडून देऊ नका. सोबत मुद्दाम बिघडवलेल्या फाइलींचा एक फोल्डर ठेवा: अर्धी ओळ, मराठी अंक, एकतीस जून, उणे दूध, दोनदा आलेली तीच नोंद. प्रोग्राम बदलला की दरवेळी त्या सगळ्या त्याच्यावर चालवा. जेसन स्कीमा नावाची रीत शिकून घेतली तर यातली बरीच तपासणी वर्णनावरून आपोआप होते.

'आवृत्ती' हा रकाना पहिल्या दिवसापासून हवा. साच्यात नवे रकाने घालायला हरकत नाही. जुन्या वाचकाने अनोळखी रकाना सोडून पुढे जावं असा नियम ठेवा. जुन्या रकान्याचा अर्थ मात्र कधी बदलू नका. दर पैशांऐवजी रुपयांत द्यावासा वाटला तर नव्या नावाचा रकाना करा. सगळ्या गावांत एकाच दिवशी नवं सॉफ्टवेअर बसत नाही, महिनोन् महिने दोन्ही आवृत्त्या एकत्र चालतात.

जेसनच घ्यायचं का? बहुतेक वेळा हो. साध्या तक्त्यासाठी सीएसव्ही पुरेसं आहे, फक्त स्वल्पविराम असलेला पत्ता अवतरणात घालायला विसरू नका. एक्सएमएल जुनं झालं म्हणून टाकू नका. मजकूर आणि खुणा एकत्र गुंफलेल्या असतात तिथे, आणि डिजिटल सही लागते तिथे, ते आजही भक्कम आहे. आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल सही केलेलं एक्सएमएलच असते. वर्डच्या एखाद्या डॉक्स फाइलीची प्रत काढा, तिच्या नावाचा शेवट झिप करा आणि उघडून पाहा. आत 'वर्ड' फोल्डरमध्ये तुमचा सगळा मजकूर एक्सएमएलमध्ये दिसेल. लिब्रेऑफिस ती फाइल उघडू शकतं ते त्यामुळेच. अनोळखी ठिकाणाहून आलेलं एक्सएमएल वाचताना मात्र बाहेरच्या फाइली आत ओढण्याची सोय वाचकात बंद करून ठेवा. यॅमल सेटिंगसाठी सुटसुटीत आहे, पण त्याच्या जुन्या नियमांत नॉर्वेचा 'एनओ' हा कोड नकार म्हणून वाचला जातो, म्हणून देवाणघेवाणीसाठी मी ते वापरणार नाही.

फाइलींच्या नावांत छोटी-मोठी रोमन अक्षरं मिसळू नका. लिनक्स दोन्हींत फरक करतं, विंडोज सहसा करत नाही. ओळीच्या शेवटची खूणही दोघांची वेगळी असते. वाचकाने दोन्ही चालवून घ्यावी.

सराव झाल्यावर एखादा मोठा, रोज वापरात असलेला साचा वाचायला घ्या. जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसचा जेसन साचा सर्वांसाठी खुला आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून पाचशे कोटींवरच्या उलाढालीला आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला तो लागू झाला, त्यामुळे टॅली वापरणाऱ्या कोल्हापूरच्या कारखानदारापासून मोठ्या कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरपर्यंत सगळे त्याच साच्यात बिल पाठवतात. आवृत्तीचा रकाना त्यातही आहे. कोणता रकाना सक्तीचा, कोणता ऐच्छिक, किती अक्षरांचा, हे सगळं लिहिलेलं आहे. तारीख मात्र तिथे दिवस/महिना/वर्ष अशी मागितली आहे. तेव्हा आपल्या प्रोग्राममध्ये वर्ष-महिना-दिवसच ठेवा आणि पोर्टलकडे पाठवण्याच्या शेवटच्या पायरीवर एकाच ठिकाणी तारीख उलटी करा. तो साचा आणि आपली दुधाची नोंद शेजारी ठेवून एकेक रकाना ताडा, आणि आपल्या नोंदीत लांबीची मर्यादा कुठे द्यायची राहिली ते पेन्सिलीने लिहून काढा.